माजी सैनिकांचा सन्मान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, ग्रामपंचायती, गणेश मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि सैनिकांच्या घरची मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील व्यवस्थेला धरून आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या प्रश्नात सविस्तर आला आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. माजी सैनिक नक्की कोणाला म्हणायचे? पेन्शन नसेल तरीही?

भूदल, नौदल किंवा हवाई दलात कोणत्याही हुद्द्यावर नियमित सेवा करून निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेली व्यक्ती माजी सैनिक ठरते, हे सर्वांना माहीत असते. त्याखेरीज सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे ज्यांना वैद्यकीय कारणास्तव सोडण्यात आले, तसेच ठरावीक मुदतीची सेवा पूर्ण करून उपदान (ग्रॅच्युइटी) घेऊन जे बाहेर पडले, उदाहरणार्थ शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे अधिकारी, तेही या व्याख्येत येतात. प्रादेशिक सेनेतील (टेरिटोरियल आर्मी) काही जणांनाही अटींसह हा दर्जा मिळतो. गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेले आणि प्रशिक्षण अर्धवट सोडून परतलेले यात मोडत नाहीत. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झालेल्या परिचारिका मात्र मोडतात, आणि गावोगावच्या सत्काराच्या याद्यांत त्यांचीच नावे हमखास गळालेली दिसतात. निमलष्करी दले आणि अग्निवीर यांच्याविषयी प्रश्न १७ पाहावा.

२. सन्मानाचा कार्यक्रम कोणत्या दिवशी ठेवावा?

माजी सैनिकांसाठी म्हणून ठरलेला दिवस १४ जानेवारी हा आहे. पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा १९५३ मध्ये या दिवशी निवृत्त झाले, म्हणून २०१६ पासून तो सशस्त्र दलांच्या माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रातील अडचण उघड आहे: त्याच दिवशी बहुधा संक्रांत असते आणि घरातील स्त्रियांना, म्हणजे वीरपत्नी आणि वीरमातांनाही, घराबाहेर पडणे कठीण जाते. अशा वेळी १५ जानेवारीचा सेनादिन सोयीचा पडतो. करिअप्पांनी १९४९ मध्ये त्या दिवशी सरसेनापतिपद स्वीकारले होते.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून चालत आला आहे. तो प्रामुख्याने निधीसंकलनाचा दिवस आहे (प्रश्न १० पाहावा). २६ जुलै हा कारगिल विजय दिवस आणि १६ डिसेंबर हा १९७१ च्या विजयाचा दिवस. नौदलातून निवृत्त झालेल्यांसाठी ४ डिसेंबर, हवाई दलातील निवृत्तांसाठी ८ ऑक्टोबर आणि गोव्यात १९ डिसेंबर हे दिवस जवळचे आहेत.

आमचे मत विचाराल तर मोठ्या कार्यक्रमासाठी यांपैकी कोणताही दिवस घ्यावा, पण एखाद्या सैनिकाला फोन करायचा असेल तर त्याच्या पलटणीचा दिवस शोधून काढावा. मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंटचा दिवस ४ फेब्रुवारीला, तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये कोंढाणा घेतल्याच्या स्मरणार्थ साजरा होतो. महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ ची. प्रजासत्ताक दिनाला सगळेच आठवण काढतात. ४ फेब्रुवारीला आलेला फोन वेगळा वाटतो.

३. आमच्या गावातील किंवा परिसरातील माजी सैनिकांची माहिती कोठे मिळेल?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात असून बहुतेक जिल्ह्यांत त्याचे कार्यालय असते. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. तेथे नावे आणि फोन क्रमांकांची यादी मागण्याऐवजी आपले निमंत्रण संबंधितांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी, कारण ही माहिती खासगी असते. बहुतेक तालुक्यांत माजी सैनिकांच्या संघटनाही असतात आणि त्यांना कोण आजारी आहे, कोण मुलाकडे पुण्या-मुंबईला गेले आहे, हेसुद्धा ठाऊक असते.

४. निमंत्रणपत्रिकेवर हुद्दा कसा लिहावा? आमच्याकडे तर सगळ्यांनाच ‘मेजर’ म्हणतात.

पश्चिम महाराष्ट्रात सुट्टीवर आलेल्या शिपायापासून पेन्शनवर आलेल्या सुभेदारापर्यंत सगळ्यांना प्रेमाने ‘मेजर’ म्हणतात आणि पारावर ते शोभूनही दिसते. छापील पत्रिकेवर मात्र प्रत्यक्ष धारण केलेला हुद्दाच असावा. न मिळालेला हुद्दा नावापुढे पाहून सैनिकाला बहुधा संकोच होतो, आणि समोर बसलेल्या इतर सैनिकांना चूक लगेच कळते. हुद्दा निवृत्त होत नाही, व्यक्ती होते. म्हणून ‘निवृत्त’ हा शब्द हुद्द्याच्या आधी न लिहिता नावानंतर कंसात लिहिण्याची पद्धत आहे.

काही ठिकाणी विशेष काळजी घ्यावी लागते. ‘नाईक’ हा हुद्दाही असतो आणि आडनावही. नौदलातील कॅप्टन हा भूदलातील कर्नलच्या बरोबरीचा असतो, त्यामुळे दोघांना एका ओळीत बसवताना घोटाळा होतो. काही सुभेदार मेजरांना सेवेच्या अखेरीस मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा मिळतो. तो असल्यास आवर्जून लिहावा, कारण तो मोजक्यांनाच मिळतो. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले असले, तरी लष्करी आणि शैक्षणिक उपाध्या त्यातून वगळल्या आहेत, त्यामुळे नावापुढे हुद्दा लावण्यात काहीही गैर नाही. शंका असल्यास घरी जाऊन ओळखपत्रावरील नोंद पाहून घ्यावी.

५. सत्काराचा कार्यक्रम कसा करावा? शाल-श्रीफळ पुरेसे आहे का?

शाल-श्रीफळाला कोणाचीच हरकत नसते. तक्रार असते ती बाकीच्या दीड तासाची. दहाचा कार्यक्रम म्हटला की सत्तरी ओलांडलेले सुभेदार पावणेदहाला इस्त्रीचे कपडे घालून, पदके लावून खुर्चीत बसलेले असतात. प्रमुख पाहुणे साडेअकराला येतात, त्यानंतर पाहुण्यांच्याच स्वागतात अर्धा तास जातो आणि ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे त्यांची नावे शेवटी घाईघाईने, दोन-दोन जणांना एकत्र उभे करून पुकारली जातात. ज्याने आयुष्यभर वेळ पाळली, त्याला ताटकळत ठेवणे हा सन्मान म्हणता येणार नाही. म्हणून पहिली सूचना एवढीच की कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू करावा, पाहुणे आले असोत वा नसोत, आणि सत्कार सर्वांत आधी घ्यावा.

दुसरी गोष्ट परिचयाची. प्रत्येकाचा परिचय तीन-चार वाक्यांचाच असावा, पण तो खरा असावा: हुद्दा, रेजिमेंट किंवा शाखा, सेवेची वर्षे, कोठे कोठे नेमणूक झाली. ‘देशासाठी प्राणांची बाजी लावणारे’ हे वाक्य सगळ्यांना सारखेच लागू पडते, म्हणून ते कोणालाच लागू पडत नाही. ‘सोळा वर्षे सिग्नलमध्ये होते आणि त्यांपैकी तीन वर्षे लेहला’ असे म्हटले, की समोर बसलेली नातवंडे मान वर करून पाहतात. हा मजकूर आदल्या दिवशी त्यांना वाचून दाखवावा.

बाकी बाबी लहान आहेत, पण त्याच राहून जातात. पाठ असलेल्या खुर्च्या सावलीत असाव्यात, मंचाला उंच पायऱ्या असतील तर मान्यवरांनी खाली उतरून सत्कार करावा, तोफखान्यात नोकरी केलेल्या अनेकांना कमी ऐकू येते, त्यांना ध्वनिवर्धकाच्या तोंडाशी बसवू नये, फटाके टाळावेत, पत्नीलाही निमंत्रण असावे आणि तिच्यासाठीही पुढच्या रांगेत खुर्ची असावी, कारण बदल्यांच्या काळात घर, शेती आणि सासू-सासरे तिनेच सांभाळलेले असतात. गृहनिर्माण संस्थेत किंवा मंडळात ध्वजारोहण असेल तर ते परिसरातील ज्येष्ठ माजी सैनिकाच्या हस्ते करता येते, आणि शालीपेक्षा हा मान बहुतेकांना मोठा वाटतो.

६. माझे वडील लष्करात स्वयंपाकी होते, प्रत्यक्ष लढले नाहीत. त्यांना सत्काराला बसवणे योग्य ठरेल का?

पूर्णपणे योग्य ठरेल. स्वयंपाकी, चालक, कारकून, नर्सिंग असिस्टंट, तोफा आणि गाड्या दुरुस्त करणारे कारागीर हे सगळे सैनिकच आहेत, आणि माजी सैनिकाच्या व्याख्येत लढणारा आणि न लढणारा असा फरक केलेला नाही. सियाचीनमध्ये १९८४ पासून फौज उभी आहे. तेथे मागच्या तळावरून रसद आणि रॉकेल वर पोहोचले नाही तर पुढची चौकी टिकत नाही. भारतीय शांतिसेना १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत होती, तेव्हा दारूगोळा वाहणाऱ्या गाड्यांच्या चालकांनीही जीव गमावले. वडिलांनी स्वतःच ‘मी काय, लंगरात होतो’ असे म्हणून विषय टाळला, तर परिचयात त्यांच्या युनिटचे आणि ठिकाणांचे नाव घ्यावे; जबरदस्तीने शौर्यकथा रचू नये.

७. शाळेतील मुलांनी माजी सैनिकांना युद्धाबद्दल विचारले तर चालेल का?

चालेल, पण मुलांची तयारी करून घ्यावी. ‘तुम्ही किती जणांना मारलं?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो शिक्षकांनी आधीच बाजूला काढावा. जे लढले आहेत त्यांना त्याचे उत्तर द्यायचे नसते, आणि जे लढले नाहीत त्यांना आपण कमी पडल्यासारखे वाटते. पहिली नेमणूक कोठे होती, भरतीच्या वेळी घरचे काय म्हणाले, बर्फात पाणी कसे मिळायचे, पत्र किती दिवसांनी यायचे, पलटणीतील पंजाबी किंवा तमिळ मित्र आता कोठे आहे, असे प्रश्न विचारले की माणूस खुलतो. वर्गात पंधरा-वीस मुले असावीत. मैदानावर पाचशे मुलांपुढे माइक हातात देऊन ‘दोन शब्द’ बोलायला लावण्यात कोणालाच आनंद नसतो. साथीदार गमावल्याचा विषय निघाला आणि ते थांबले, तर त्यांना थांबू द्यावे.

८. छातीवर इतकी पदके असतात, त्यांपैकी शौर्याची कोणती? वडिलांची पदके मुलाने लावली तर चालतात का?

बहुतेक पदके सेवेची असतात: नऊ, वीस किंवा तीस वर्षांच्या दीर्घ सेवेची, विशिष्ट मोहिमेची किंवा उंच प्रदेशातील नेमणुकीची. त्यामुळे पदके दिसली म्हणून निवेदकाने ‘शौर्यपदक विजेते’ असे जाहीर करू नये. अग्रक्रम परमवीरचक्र, अशोकचक्र, महावीरचक्र, कीर्तिचक्र, वीरचक्र आणि शौर्यचक्र असा आहे. यांपैकी परमवीर, महावीर आणि वीर ही युद्धकाळातील, तर उरलेली तीन इतर प्रसंगांतील शौर्यासाठी असतात. सेना मेडल त्यानंतर येते. या पदकांचा नावानंतर उल्लेख करता येतो. पद्म पुरस्कारांच्या बाबतीत तशी मुभा नाही.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. परमवीरचक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. जन्माने युरोपीय असलेल्या या बाईंनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले होते, आणि पदकावरील इंद्राचे वज्र त्यांच्या पुराणांच्या अभ्यासातून आले. पहिले परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले, आणि ते सावित्रीबाईंच्या जावयाचे बंधू होते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल ते मिळाले, आणि ते त्यांनी हयातीत स्वीकारले.

स्वतःची पदके डाव्या छातीवर लावतात. दिवंगत सैनिकाच्या निकटच्या नातेवाइकाने स्मृतिसमारंभात ती उजव्या बाजूस लावायची असतात. स्वतःची असल्यासारखी डावीकडे लावू नयेत. स्नेहसंमेलनातील वेशभूषेसाठी ही पदके देऊ नयेत.

९. हळदीकुंकवाच्या समारंभाला वीरपत्नींना बोलवावे का? काही ज्येष्ठ बायका नाराज होतील असे वाटते.

बोलवावे. इतकेच नव्हे, तर हळदीकुंकू लावण्याची आणि ओटी भरण्याची वेळ आली की त्यांना वगळू नये. वर्षातून एकदा मंचावर ‘वीरपत्नी’ म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि संक्रांतीला त्यांच्या दारावरून पुढे जायचे, हा विरोधाभास त्या बायकांना आपल्यापेक्षा अधिक तीव्रतेने जाणवतो. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. ज्याच्या नावातच सैनिक आहे ते सैनिक टाकळी हे गावही याच तालुक्यातले. नाराजी येईल असे वाटत असेल तर ग्रामसभेच्या ठरावाचा आधार घेता येतो आणि एखाद्या ज्येष्ठ सवाष्ण बाईने पुढाकार घेतला तर काम आणखी सोपे होते.

तरीही दोन गोष्टी पाळाव्यात. आधी त्यांना एकटीला विचारावे. काहींना यायचे नसते आणि त्याचे कारण सांगण्याची त्यांच्यावर सक्ती नसावी. मंचावर पतीच्या मृत्यूचा प्रसंग वर्णन करून सांगू नये. मुले समोर बसलेली असतात. वीरपत्नींचा परिचय त्यांच्या स्वतःच्या नावाने आणि कामाने करून द्यावा: शिक्षिका आहेत, दुग्धव्यवसाय करतात, मुलीला इंजिनीअर केले. पुनर्विवाह केलेल्या वीरपत्नीला निमंत्रण द्यावे का, असेही विचारले जाते; द्यावे, आणि त्या नात्याची चर्चा करू नये.

१०. पैसे द्यायचे असतील तर कोठे द्यावेत? व्हॉट्सॲपवर बँक खात्याचे क्रमांक येतात, ते खरे असतात का?

फॉरवर्ड होऊन आलेल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. ‘रोज एक रुपया द्या, सैन्याला शस्त्रे घेता येतील’ असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. शस्त्रखरेदी अर्थसंकल्पातून होते, लोकवर्गणीतून नव्हे, आणि कल्याणनिधीचा त्याच्याशी संबंध नसतो.

अधिकृत मार्ग तीन आहेत. सशस्त्र सेना ध्वजदिन निधी केंद्रीय सैनिक बोर्डाकडे असतो आणि माजी सैनिक, वीरपत्नी व त्यांच्या मुलांच्या मदतीसाठी वापरला जातो. तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही पावती घेऊन देता येतो. लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन रंगांची छोटी पताका याच निधीची. दुसरा निधी युद्धातील आणि लष्करी कारवाईतील हानिग्रस्त सैनिकांच्या कुटुंबांसाठी असून त्यासाठी ‘माँ भारती के सपूत’ हे शासकीय संकेतस्थळ आहे. निमलष्करी दलांतील जवानांच्या कुटुंबांसाठी गृह मंत्रालयाचे ‘भारत के वीर’ हे स्वतंत्र संकेतस्थळ आहे. एखाद्या कुटुंबाला थेट मदत करायची असेल तर ती गाजावाजा न करता द्यावी; मोठ्या आकाराचा पुठ्ठ्याचा धनादेश हातात देऊन छायाचित्र काढणे टाळावे.

११. पैसे नको, काही उपयोगी काम करायचे आहे. काय करता येईल?

कागदपत्रांचे काम. हाच आमचा सर्वांत आवडता प्रश्न आहे, आणि दुर्दैवाने तो सर्वांत कमी विचारला जातो.

निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी, बहुतेकांना नोव्हेंबरमध्ये, हयातीचा दाखला द्यावा लागतो. संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून दिले जाते आणि दाखलाही ऑनलाइन देता येतो. पण पलटण सोडल्यानंतर तीस वर्षे शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. केंद्रावरचा मुलगा अंगठा पुसायला सांगतो, मग दुसरा, मग तर्जनी, आणि शेवटी ‘उद्या या’ म्हणतो. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय मोबाइलवर उपलब्ध आहे, हे त्या आजोबांना सांगून त्यांच्या अंगणात बसून दहा मिनिटांत तो काढून देणारा महाविद्यालयीन विद्यार्थी शंभर भाषणांपेक्षा उपयोगी पडतो. आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक (ओटीपी) लागतो, म्हणून घरातील कोणीतरी शेजारी बसलेले असावे आणि कोणतीही माहिती आपल्या फोनमध्ये ठेवू नये.

निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का, हेही हयातीतच पाहून घ्यावे. सेवापुस्तकात ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असले तरी कुटुंब निवृत्तिवेतन अडकते आणि नेमक्या दुःखाच्या दिवसांत त्या बाईला कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात. माजी सैनिकांसाठीच्या अंशदायी आरोग्य योजनेचे, म्हणजे लोक ज्याला ‘ईसीएचएस’ म्हणतात त्याचे, कार्ड असले तरी पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या ठिकाणी असते. महिन्याची औषधे आणण्यासाठी गाडीतून सोबत नेणे ही मोठी मदत आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने सुरू केलेल्या योजनेत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका निवासी घराच्या मालमत्ता करातून सूट मिळते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते. ग्रामपंचायतीने सत्कारासाठी खर्च करण्याआधी आपल्या गावात ही सूट पात्र असलेल्या प्रत्येकाला मिळाली आहे का, ते पाहावे.

१२. युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना भेटायला जाता येते का?

पूर्वपरवानगी घेऊन जाता येते. पुण्याजवळ खडकी येथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, तसेच १९१७ मध्ये सुरू झालेली, अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळवले होते. त्यामुळे दया दाखवायला म्हणून जाऊ नये. कॅरम किंवा बुद्धिबळ खेळायला, काम पाहायला, तेथील वस्तू विकत घ्यायला जावे. फळे नेण्याआधी केंद्राला विचारावे.

१३. वडील निवृत्त सुभेदार होते. अंत्ययात्रेत पार्थिवावर तिरंगा पांघरता येतो का?

स्वतःच्या निर्णयाने पांघरू नये. राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंधक अधिनियम, १९७१ नुसार शासकीय इतमामातील तसेच सशस्त्र दले आणि निमलष्करी दले यांच्या अंत्यसंस्कारांखेरीज राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून वापरणे हा ध्वजाचा अनादर ठरतो. निवृत्त सैनिकाच्या बाबतीत लष्करी अंत्यसंस्काराची व्यवस्था होते की नाही, हे हुद्दा, शौर्यपदक आणि जवळच्या लष्करी ठाण्याची उपलब्धता यांवर ठरते. म्हणून निधनानंतर लगेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि जवळच्या लष्करी ठाण्याला कळवावे. अनेकदा पुष्पचक्र घेऊन प्रतिनिधी येतात आणि शक्य तेथे बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धूनही वाजवली जाते.

जेथे ध्वज अधिकृतपणे पांघरला जातो, तेथे केशरी पट्टा पार्थिवाच्या डोक्याकडे असतो. ध्वज चितेवर जाळायचा नसतो आणि दफनाच्या वेळी खड्ड्यातही सोडायचा नसतो. तो त्याआधी काढून, घडी करून कुटुंबाकडे सोपवला जातो.

तिरंगा नसला तरी मानवंदनेत उणेपणा येत नाही. गावातील माजी सैनिकांनी दुतर्फा उभे राहून दिलेली सलामी, पलटणीच्या टोपीचा पार्थिवाजवळ मान, आणि मराठा पलटणीचा सैनिक असेल तर ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही त्याची स्वतःची युद्धघोषणा, यांना कोणत्याही परवानगीची गरज नसते. पुढील आठवड्यात मात्र मृत्यूचा दाखला, ‘स्पर्श’मधील नोंद आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज यांसाठी कोणीतरी त्या घरी जावे (प्रश्न ११ पाहावा).

१४. गावात सैनिकांचे स्मारक उभारायचे आहे. नावे कशी ठरवावीत?

आधी जुने स्मारक शोधावे. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानात ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. ते अनेक ठिकाणी घाईत झाल्यामुळे नावांत चुका राहिल्या आहेत. नवे स्मारक उभारण्यापेक्षा त्या चुका दुरुस्त करणे अधिक निकडीचे आहे. प्रत्येक नावासोबत सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण यांची नोंद कुटुंबाकडील कागदांवरून व अभिलेख कार्यालयाच्या पत्रावरून पडताळावी. कर्तव्यावर असताना अपघाताने किंवा आजाराने मृत्यू आलेल्यांची नावे घ्यावीत का, यावर गावोगाव वाद होतात. आमच्या मते स्वतंत्र शीर्षकाखाली जरूर घ्यावीत आणि हयात माजी सैनिकांची नावे त्याच दगडावर कोरू नयेत.

देखभालीचा खर्च पहिल्याच ठरावात लिहून ठेवावा. पुण्यातील लष्कराच्या दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १९९८ मध्ये खुले झाले. आजही ते नीट राखलेले आहे, कारण त्याची जबाबदारी कोणावर आहे हे स्पष्ट आहे.

१५. पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले आणि परतले नाहीत. इंग्रजांच्या फौजेतील सैनिकांचाही सन्मान करावा का, आणि त्यांची माहिती कशी शोधायची?

सन्मान करावा. सातारा जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे गावाचे ४६ जण त्या युद्धात मरण पावले आणि तेथील फलक आजही त्यांची साक्ष देतो. राज्यकर्ते परके होते, माणसे आपली होती.

शोधाची सुरुवात महायुद्धांतील मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन नोंदींपासून करावी. नाव इंग्रजीत निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेले असते, म्हणून आडनावाऐवजी वडिलांचे नाव, गाव आणि तालुका घालून पाहावे. नोंदीत अनेकदा गावाचे नाव असते. मराठा पलटणी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या आणि कूतच्या वेढ्यातही सापडल्या होत्या. तेथील मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले, पण त्यावर साध्या भारतीय शिपायांची नावे न कोरता पलटणीगणिक केवळ संख्या कोरण्यात आली. या भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. म्हणून दगडावर नाव नाही म्हणजे माणूस तेथे नव्हता, असे समजू नये.

दुसऱ्या महायुद्धातील नोंदी अधिक चांगल्या आहेत. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मरण पावले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

१६. आमच्या मंडळाच्या फ्लेक्सवर सैनिकांची छायाचित्रे लावली, कार्यकर्त्यांनी लष्करी गणवेश घातले, तर चालेल का?

गणवेश घालू नये. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा वेश करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. लहान मुलांच्या वेशभूषेत तसा हेतू नसतो. ढोल-ताशा पथकातील तरुणांनी खऱ्या पलटणीची चिन्हे लावून रस्त्यावर वाहतूक थांबवणे ही वेगळी गोष्ट आहे. छायाचित्रासाठी सैनिकाची किंवा कुटुंबाची संमती घ्यावी आणि सेवेत असलेल्या जवानाचे युनिट व ठिकाण फ्लेक्सवर छापू नये. निवडणूक काळात पक्षांनी प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये दिली आहे, त्यामुळे इच्छुक उमेदवाराच्या फ्लेक्सवर सत्कारमूर्तींचे फोटो झळकणार नाहीत याची आयोजकांनी काळजी घ्यावी.

१७. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांतील निवृत्त जवान आणि चार वर्षांनी परतणारे अग्निवीर यांना माजी सैनिक म्हणून बोलवावे का?

बोलवावे, पण नोंद अचूक ठेवावी. निमलष्करी दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्यांचे निवृत्त जवान शासकीय अर्थाने ‘माजी सैनिक’ नसतात. त्यांना केंद्रीय सशस्त्र पोलीस दलाचे माजी कर्मचारी असा दर्जा २०१२ पासून आहे, आणि प्रश्न ११ मधील करसवलतीसारख्या योजना त्यांना आपोआप लागू होत नाहीत. पत्रिकेवर ‘माजी सैनिक व निमलष्करी दलांचे निवृत्त जवान’ असे लिहिले की कोणाचाही मान कमी होत नाही. २०२२ च्या योजनेतून भरती झालेल्या आणि चार वर्षांनी कायम न झालेल्या अग्निवीरांना सध्याच्या तरतुदींनुसार निवृत्तिवेतन आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही. ऐन विशीत परतणाऱ्या या मुलांना शालीपेक्षा नोकरीची ओळख करून देणारा माणूस हवा असतो. गावातील कारखानदार किंवा बाजार समितीचे संचालक कार्यक्रमाला येणार असतील, तर त्यांना या मुलांच्या शेजारी बसवावे.

१८. आम्ही परदेशात राहतो. तेथील महाराष्ट्र मंडळात काय करता येईल?

अमेरिकेत ११ नोव्हेंबर हा माजी सैनिकांचा दिवस असतो. ब्रिटन आणि कॅनडात त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता स्तब्धता पाळतात आणि कोटाला लाल पॉपीचे फूल लावतात. तेथील सैन्यात सेवा केलेले मराठी तरुण-तरुणी आता मंडळांमध्ये दिसू लागले आहेत, त्यांना बोलवावे. मंडळात भेटीला आलेले एखाद्याचे आई-वडील भारतीय लष्करातून निवृत्त झालेले असतात आणि ते कोणालाच माहीत नसते, म्हणून आधी विचारपूस करावी. फ्रान्समध्ये असाल तर नव्ह शापेल येथील भारतीय सैनिकांच्या स्मारकाला भेट देता येईल.

१९. सत्काराला बोलावले तर त्यांनी स्पष्ट नकार दिला. आमचे काही चुकले का?

बहुधा नाही. काहींना गर्दी आणि आवाज सोसत नाही, काहींना मागच्या एखाद्या कार्यक्रमाचा अनुभव आठवतो (प्रश्न ५ पाहावा), आणि काहींना परत न आलेल्या साथीदारांऐवजी आपण हार घालून घेणे पटत नाही. एकदा विचारावे, नकार मान्य करावा आणि नाव पुकारून ‘गैरहजर’ असे जाहीर करू नये. चार दिवसांनी चहाला घरी गेलात तर ते बहुतेक वेळा बोलतात. तेव्हा फोटो काढण्याची घाई करू नये आणि ते जे सांगतील ते त्यांच्या परवानगीशिवाय कोठेही लिहू नये.